मोज्यातली पावलं

(संध्याकाळचे साडेपाच. कामावरून नुकतीच आलेली ती ओट्यापाशी भांडी विसळते आहे. तिचा नवरा भिंतीकडच्या पलंगावर आडवा. सहा वर्षांची लेक, ठमी, जमिनीवर पोट टेकून चित्र रंगवते आहे. फळीवर चार्जिंगला लावलेला त्याचा फोन 'टिंग' करतो.)

ती : कुणाचा फोन?

तो : फोन नाही गं. जाहिरात असेल कसली तरी.

ती : बघते.

तो : राहू दे, आत्ताच आलीयस तू. बस जरा. मी उठतो ना.

ती : तुम्ही कशाला उठताय, पडा. ही काय, आलेच मी फळीपाशी. 'शाब्बास! आजची दहा हजार पावलं पूर्ण!' अहो, हे काय?

तो : हां, ते होय. सकाळी फिरताना चाललो ना.

ती : सकाळी चाललात आणि शाब्बासकी आत्ता?

तो : नेट नसतं मधे मधे. उशिरा पोचतं त्याला.

ती : दहा हजार चार.

तो : काय?

ती : आत्ता माझ्या डोळ्यांदेखत आकडा बदलला. दहा हजार चार झाले. तुम्ही पाय हलवलात?

तो : हलवला असेल. माशी बसली होती.

ती : माशीसाठी चार पावलं? पडल्या पडल्या? आणि फोन इथे फळीवर, वायरीला बांधलेला. ओट्यापासून या फळीपर्यंत बरोबर चार पावलं आहेत. रोज पुसते मी ही लादी. ठमे, इकडे ये.

ठमी : मी आभाळ रंगवतेय.

ती : आभाळ कुठे पळत नाही. हा फोन धर. यावर आकडे दिसतात ना, ते वाच.

ठमी : एक. शून्य. शून्य. शून्य. चार.

तो : अगं, तिला कशाला यात...

ती : तुम्ही बोलू नका. आता मी दारापर्यंत जाते आणि परत येते. तू नुसती बघत राहा. हं, गेले. आणि आले. वाच आता.

ठमी : थांब, हलतंय. एक. शून्य. शून्य. एक. सहा. आई, जादू! तू चाललीस आणि बाबांच्या फोनला कळलं!

ती : जादूच आहे. मोठे जादूगार आहेत तुझे बाबा. फोन दे इकडे, आभाळ पुरं कर जा.

तो : हे बघ, मी सांगणारच होतो.

ती : माझ्या मोज्यातला हा पावलं मोजायचा पट्टा तुमच्या फोनला जोडलेला आहे.

तो : हो.

ती : म्हणजे डॉक्टरांनी दिलेला पट्टा तो हाच.

तो : हो.

ती : आणि मला सांगितलंत की तुमची पावलं खिशातला फोन मोजतो. हा माझ्यासाठी वेगळा आणलाय. लग्नाच्या वाढदिवसाचा.

तो : तेव्हा काहीतरी द्यायचंच होतं मला, आणि...

ती : आणि हा घरात पडलाच होता. वा. कामावर मनगटात काही घालू देत नाहीत म्हटल्यावर तुम्ही स्वतः खाली बसलात. माझा मोजा खाली ओढलात आणि घोट्याला बांधलात. बायपास नाही झाली, नुसती स्प्रिंग घातलीय छातीत, वाकता येतं मला, असं म्हणत होतात. आठवतंय?

तो : आठवतंय.

ती : मी दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या चादरींच्या खोलीत दार लावून रडले. सांगितलं नव्हतं तुम्हाला. म्हटलं, मरणाच्या दारातून आलेला माणूस, त्याला माझे पाय दिसले. दिवसभर खोल्या आवरून सुजतात ते दिसले. बाकीच्या बायकांना मोजा खाली करून दाखवलं मी. त्या म्हणाल्या, नशीब काढलंस.

तो : वाकलो होतो ते खोटं नव्हतं.

ती : गप्प बसा. किती दिवस झाले? सहा आठवडे?

तो : सहा पूर्ण झाले. काल.

ती : सहा आठवडे माझे पाय दाखवून तुम्ही बरे होताय. रोज चौदा खोल्या. एका खोलीत दोन गाद्या, चार उशा, न्हाणीघर, आरसा. ट्रॉलीचं एक चाक अडकतं म्हणून ती ढकलायची नाही, ओढायची. त्यात मागच्या बुधवारी दोघी आल्या नाहीत तर मी अठरा खोल्या केल्या. बुधवारी तर तब्येत फारच सुधारली असेल तुमची? किती दिसले?

तो : जाऊ दे ना आता.

ती : किती दिसले?

तो : सतरा हजार.

ती : डॉक्टर खूश झाले असतील. वाघ आहे म्हणाले असतील.

तो : म्हणाले, एवढी घाई करू नका. जरा बेताने घ्या.

ती : ऐकलंस ठमे? मी अठरा खोल्या घासल्या आणि बेताने घ्यायला तुझ्या बाबांना सांगितलं!

ठमी : मला निळा खडू सापडत नाहीये.

तो : पलंगाखाली बघ, बेटा. हे बघ, तू शांत हो. तुला मुळात कळलेलंच नाही मी हे का केलं ते.

ती : मग कळू द्या की.

तो : कंपनीचा नियम आहे. छातीचं काही झालेल्या माणसाने सलग सहा आठवडे रोज आठ हजार पावलं दाखवायची. मगच क्रेनवर. त्या डॉक्टरला माझं तोंडही बघायचं नसतं, त्याला तक्ता बघायचा असतो. सगळे रकाने हिरवे झाले की सही. आज दुपारी सही झाली. मी तुला रात्री जेवताना सांगणार होतो.

ती : कसली सही?

तो : सोमवारी सकाळी सातला. वर. माझीच क्रेन, तीन नंबरची. सांभाळून ठेवलीय त्यांनी चार महिने, बदली माणसावर. तुझ्या अठरा खोल्या बंद होतील, हे नाही का दिसत तुला?

ती : माझ्या खोल्या मध्ये आणू नका. सकाळी बूट घालून जाता ते कुठे जाता?

तो : फिरायला.

ती : किती?

तो : होतं तेवढं.

ती : किती होतं? घाम येत नाही, शर्टाची घडी मोडत नाही. मला वाटायचं, किती झपाट्याने बरा झालाय माणूस, दमतसुद्धा नाही! खरं सांगा, कुठपर्यंत जाता?

ठमी : बाकापर्यंत.

तो : ठमे.

ती : कुठल्या बाकापर्यंत, ठमे?

ठमी : तो फोटोवाल्याचं बंद दुकान आहे ना, त्याच्या समोरचा. सुट्टीच्या दिवशी मी पण जाते. आम्ही बसतो आणि कुत्री मोजतो. एकदा अकरा झाली होती. मग बाबा घड्याळ बघतात आणि म्हणतात, चला, झालं आपलं चालणं.

ती : आणि मला का नाही सांगितलंस?

ठमी : बाबा म्हणाले, आपलं दोघांचं गुपित. आता सांगितलं ते चालतं ना?

ती : चालतं, सोन्या. तू काही चुकली नाहीस. जा, आतल्या खोलीत जाऊन रंगव. दार ओढून घे.

ठमी : तिथे दिवा लागत नाही.

ती : मग राहा इथेच, पण कान झाक. माझ्याशी खोटं बोललात ते एक वेळ मी गिळलं असतं. लेकीला शिकवलंत? सहा वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला शिकवलंत?

तो : तिला खेळ वाटत होता तो.

ती : मला नाही वाटत. बाक तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. दोनशे पावलंसुद्धा नाहीत. ज्याला दोनशे पावलांवर बसावं लागतं तो सोमवारी शिडी चढणार? किती पायऱ्या आहेत त्या शिडीला?

तो : माहीत आहे तुला.

ती : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तो : एकशे बारा.

ती : सरळ उभी. लोखंडाची. मधे बसायला बाक आहे?

तो : तीन ठिकाणी फळी आहे, टेकायला.

ती : हसू नका.

तो : हसत नाहीये मी. एकदा वर पोचलो की बसूनच काम असतं. दोन दांडे, एक खुर्ची. वर चालावं लागत नाही.

ती : वर मरता तर येतं ना? आणि एकट्याने मरता तर निदान... देवा, काय बोलायला लावताय. खाली हूक लावायला कोण उभा असतो? तुमचा जाड्या ना? आपल्या लग्नात ज्याची चप्पल तुटली आणि जो अनवाणी नाचला तो?

तो : तोच.

ती : त्याच्या डोक्यावर किती वजन असतं?

तो : असतं चार टन. कधी पाच.

ती : आणि वर तू. हात लुळा पडला, डोळ्यांपुढे अंधार आला, एवढंच व्हायला हवं. मग त्याच्या बायकोला काय सांगू मी? की पावलं माझी होती? तुझ्या नवऱ्यावर लोखंड पडलं त्या सहीखाली माझ्या चादरी होत्या? हे सुचलं नाही तुला सहा आठवड्यांत? एकदाही?

ठमी : आई, तू बाबांना तू म्हणालीस.

ती : म्हणाले. अजून म्हणेन. तू कान झाक म्हटलं होतं ना?

ठमी : झाकलेत. तरी येतं ऐकू.

तो : सुचलं. रोज सुचायचं.

ती : मग?

तो : मग काय सांगू तुला. तू येतेस तेव्हा पाय टबात घालून बसतेस. मी इथे पलंगावर. मी काय सांगायचं होतं? की मला चालायची भीती वाटते?

ती : भीती?

तो : पहिले दहा दिवस, तक्ता सुरू व्हायच्या आधी, मी चाललो. शपथेवर सांगतो. पट्टा माझ्या हातात होता, पाच हजार, सहा हजार, चढत होतो हळूहळू. मग एक दिवस पाण्याच्या टाकीचा चढ लागला. दुखलं नाही काही. नुसतं लक्ष गेलं. छातीतला आवाज ऐकू यायला लागला. एक पाऊल, एक ठोका. एक पाऊल, एक ठोका. आणि मनात आलं, आता पाऊल टाकलं आणि ठोका आलाच नाही तर? पाय उचलेना. तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. दुधाची गाडी आली, शाळेच्या रिक्षा गेल्या. एक म्हातारी विचारायला आली, काय हो, काही हरवलं का?

ती : काय म्हणालास तिला?

तो : किल्ली म्हणालो. बिचारी वाकून शोधायला लागली.

ती : आणि डॉक्टरांना?

तो : काय सांगणार? आकडा खाली आला की तक्त्यातला रकाना लाल होतो. दोन रकाने लाल झाले की फाटकावरच्या केबिनमध्ये. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. बारा वर्षं मी वर बसलोय. वरून सगळं आवार हातात धरल्यासारखं दिसतं. तिथे मी कुणीतरी असतो. खाली उतरलो की पेशंट.

ती : आणि मी कोण असते?

तो : म्हणजे?

ती : तू वर असलास की कुणीतरी, खाली असलास की पेशंट. मी कोण? मी चालते ती पावलं तुझी. मी थकते ते मात्र माझं. ज्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं त्या दिवशी ठमीला शेजारी टाकून मी गाडीमागे धावत गेले. ते मोजलं का कुणी? भीती वाटते म्हणून सांगायला चार महिन्यांत मी एकदाही सापडले नाही तुला? सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?

तो : तू चिडली असतीस.

ती : चिडले असते! आणि मग हात धरून त्या चढावर नेलं असतं. रोज नेलं असतं. पहाटे उठून नेलं असतं. आता चिडलेय ते काय गोड लागतंय?

तो : नाही.

ती : हा घे, फोन लाव.

तो : कुणाला?

ती : तुझ्या फोरमनला. सोमवारी येत नाही म्हणून सांग. आणि का येत नाही तेही सांग.

तो : तापाचं सांगतो. चार दिवस मिळतील. तेवढ्यात मी खरंच सुरू करतो चालायला, तुझ्यादेखत...

ती : तापाचं सांगितलंस तर मी स्वतः जाऊन फाटकात उभी राहीन. मोजा खाली करून पट्टा दाखवेन सगळ्यांना. जाड्याला पहिला. मला ओळखतोस तू.

तो : कामावरून काढतील.

ती : काढू देत.

तो : बोलणं सोपं आहे.

ती : मला सोपं वाटतंय असं दिसतंय तुला? लाव फोन.

तो : लावतो. बाहेर जाऊन बोलू?

ती : इथेच.

तो : हॅलो, साहेब? हां, मीच. हो, सही झाल्याचं कळलं. नाही, नाही, मी सोमवारचं सांगायला फोन केला. मी वर चढत नाहीये. ताप नाही. साहेब, ऐका जरा. तो तक्ता आहे ना माझा, ती पावलं माझी नाहीत. माझ्या बायकोची आहेत. हो, बायको. हॉटेलात खोल्या आवरते, तिच्या पायात बांधला होता मी. हसा साहेब, काही हरकत नाही. पण डॉक्टरांना कळवा. मला टाकीचा चढसुद्धा चढवत नाही. हो. हो, कळतंय. तिने नाही, मीच केलं, तिला माहीत नव्हतं. हो साहेब. येतो.

ती : काय म्हणाले?

तो : आधी खूप हसले. मग म्हणाले, जाड्या तुझी वाट बघतोय आणि तू काय करायला निघाला होतास.

ती : आणि?

तो : सोमवारी वर नको, ऑफिसात ये. मोठे साहेब बसतील. खोटा कागद तो खोटा कागद म्हणाले, माझ्या हातात काही नाही.

ती : फाटकावर तरी ठेवतील?

तो : माहीत नाही. खरंच माहीत नाही.

ती : बरं.

तो : तुझा राग गेला?

ती : नाही. आठवडाभर तरी जाणार नाही. कदाचित महिनाभर. जेवायला वाढेन, बोलेन, पण गेला असं समजू नकोस.

तो : बरं. पट्टा दे.

ती : घे. मोज्याचा वास येईल.

तो : येऊ दे.

ती : बूट घाल. टाकीपर्यंत जायचंय.

तो : आत्ता? तुझे पाय बघ किती सुजलेत.

ती : पायांची चौकशी आज नको, बूट घाल. चढ लागला की थांबू. कठड्याला धरू. तो ठोका ऐकू यायला लागला की मला सांगायचं, मोठ्याने. लोक बघतील तर बघू देत. ठमे, चपला घाल. आणि कानावरचे हात काढ आता.

ठमी : आई, मी ना शाळेत खूप पळते. मधल्या सुट्टीत तर सगळा वेळ.

ती : हो गं. माहीत आहे. चप्पल उलटी घातलीयस, बदल.

ठमी : तर माझी पावलं आहेत ना, ती डॉक्टरांना नाही सांगायची. खोटं नाही करायचं. नुसती बाबांच्या छातीत ठेवायची. आई, किती दिली म्हणजे पुरतील?